गाडी ठोकल्यावर मुका मार अंगावर काढू नका

उसाचा हंगाम सुरू होता, रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या, आणि माझे दाजी गगनबावड्याकडनं कोल्हापूरला एकटेच गाडी घेऊन येत होते. कळे सोडल्यावर अंधारात एक ट्रॉली निम्मी रस्त्यावर उभी, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ती दिसली तोवर गाडी अगदी जवळ आलेली, दाजींनी ब्रेक दाबत स्टेअरिंग उजवीकडं ओढलं आणि गाडी रस्ता ओलांडून पलीकडच्या बांधाला धडकली. सीटबेल्ट होता म्हणून वाचले. बाहेर आले, हातपाय हलवून बघितले, कपाळावर जरासं खरचटलेलं, लोक जमले त्यांना म्हणाले काय झालं नाही ओ, आणि ओळखीच्या एकाच्या गाडीतनं घरी आले. चहा घेतला, जेवले, झोपले. ताई म्हणत होती एकदा डॉक्टरला दाखवून येऊ, तर म्हणे मुका मार आहे, दोन दिवसात जाईल.

रात्री दोनला उठले तर दरदरून घाम, डोळ्यापुढं अंधारी, डावा खांदा दुखतोय म्हणून तक्रार. खांद्याला तर काहीच लागलं नव्हतं. ताईनं शर्ट वर केला तर पोटावर सीटबेल्टचा आडवा निळा वळ. दवाखान्यात नेल्या नेल्या सोनोग्राफी केली, पोटात रक्त साठलेलं, प्लीहेला, म्हणजे डाव्या बरगड्यांखालच्या पाणथरीला, चीर पडली होती. प्लीहेतलं रक्त वर छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला लागलं की दुखणं डाव्या खांद्यात जाणवतं हे आम्हाला त्या रात्री कळलं. ऑपरेशनशिवाय निभावलं, पाच दिवस ॲडमिट, दर काही तासांनी हिमोग्लोबिन तपासत होते, पण अपघात ते दवाखाना यात सात तास गेले ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

म्हणून हे सगळं लिहितोय. गाडी ठोकल्यावर दवाखान्यात कधी जायचं, कुठं जायचं, तिथं काय सांगायचं, कागद कुठले सांभाळायचे, जे मला त्यानंतर समजलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून घेतलं ते.

पहिली गोष्ट म्हणजे अपघात झाल्या झाल्या आपल्याला कसं वाटतंय यावर विश्वास ठेवू नका. शरीर अशा वेळी ॲड्रेनलिन सोडतं, त्यानं दुखणं काही काळ दबून राहतं, माणूस मोडलेल्या हातानं सुद्धा लोकांशी भांडत उभा असतो. मान आखडणं तर पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. पोटातला रक्तस्राव हळू असेल तर काही तास काहीच जाणवत नाही. डोक्याच्या माराचं त्याहून वाईट, माणूस थोडा वेळ बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येऊन अगदी नीट बोलतो, घरच्यांना वाटतं सुटलो, आणि तासा दोन तासात परत गळून जातो, कारण कवटीच्या आत रक्त साठत असतं. तेव्हा गाडीचा वेग बऱ्यापैकी असेल, एअरबॅग उघडली असेल, गाडी उलटली असेल, गाडीतल्या दुसऱ्या कोणाला गंभीर लागलं असेल किंवा डोकं, छाती, पोट, मान यातलं काहीही आपटलं असेल तर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात डॉक्टरला दाखवायचं. दुखत असो वा नसो.

रस्त्यावर काय करायचं

गाडी बंद करा, हॅझर्ड लाइट लावा, आणि हायवेवर असाल तर रस्त्याच्या मधोमध उभं राहून नुकसान बघत बसू नका. शिरोली, उजळाईवाडी, कागल, किणी या पट्ट्यात गाड्या ज्या वेगानं येतात ते आपल्याला माहीत आहेच, पहिल्या धडकेतनं वाचलेला माणूस मागनं येणाऱ्या गाडीखाली सापडू शकतो. चालता येणाऱ्यांनी बॅरिकेडच्या पलीकडं जायचं.

मग फोन. १०८ ही ॲम्ब्युलन्स आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत आणि आत डॉक्टर असतो. ११२ वर पोलिस आणि बाकी मदत. नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ सुद्धा लावा, त्यांची गस्तीची गाडी आणि क्रेन असते. फोनवर घाबरून नुसतं 'लवकर या, लवकर या' म्हणत राहतो आपण, पण त्यांना लागतं ते ठिकाण. कुठला फाटा, जवळ कुठला पेट्रोल पंप किंवा ढाबा, किलोमीटरचा दगड दिसतोय का, आणि पुण्याकडं जाणारी बाजू की कागलकडं जाणारी, हे सांगायलाच पायजे कारण चुकीच्या बाजूला गाडी आली तर पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं. किती जण जखमी, कोण शुद्धीवर नाही, कोण आत अडकलंय, हे पण सांगा. समोरचा ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.

आंबा घाट, करूळ, फोंडा इथं बऱ्याच जागी रेंज नसते. तिथं पहिली येणारी एसटी थांबवा. ड्रायव्हर कंडक्टरला ठिकाण नीट सांगून रेंज आली की १०८ ला फोन करा म्हणायचं, आणि दुसऱ्या एखाद्या गाडीवाल्यालाही तेच सांगून ठेवायचं.

जखमीला हलवायचं की नाही, इथं आपले लोक मनानं चांगले असून चूक करतात. चार जण धावतात, हात पाय धरून उचलतात, रिक्षात किंवा जीपमध्ये कोंबतात. मानेचा मणका मोडलेला असेल तर त्या उचलण्यात माणूस कायमचा लुळा पडू शकतो. गाडीला आग, धूर, पेट्रोल गळतंय, किंवा मागनं गाड्या धडकायची भीती असेल तरच हलवायचं, आणि तेव्हा सुद्धा एकानं डोकं आणि मान दोन्ही हातांनी सरळ धरून, बाकीच्यांनी अंग एकसाथ उचलून. नाहीतर त्याला सांगायचं, हलू नका, मान वळवू नका, मी इथंच आहे. बेशुद्ध असून उलटी होत असेल तर मान सरळ ठेवत सगळं अंग एकदम कुशीवर वळवा, नाहीतर उलटी श्वासात जाते.

रक्त वाहत असेल तर टॉवेल, ओढणी, रुमाल जे स्वच्छ असेल ते जखमेवर घट्ट दाबून धरा. कापड भिजलं तर ते काढायचं नाही, त्यावरच दुसरं ठेवून दाबायचं, सारखं उचलून बघितलं की गोठलेलं रक्त सुटतं. काच किंवा पत्रा आत घुसला असेल तर उपसू नका, तो तसाच ठेवून बाजूनं कापड लावा. आणि पाणी, चहा, सरबत काही पाजू नका. हे सांगितलं की लोकांना निर्दयीपणा वाटतो, तहान लागली म्हणतोय ओ, असं म्हणतात, पण लगेच ऑपरेशन करायची वेळ आली तर भरलेल्या पोटामुळं भूल देणं धोक्याचं होतं. ओठ ओले करा, बास.

कुणी तोंडाला दारूचा वास येतोय म्हणून 'पिऊन पडलाय, झोपू दे' म्हणेल, त्याचं ऐकू नका. पिलेल्या माणसाच्या डोक्याला लागलेलं असू शकतं, आणि त्याचं गुंगणं दारूचं की मेंदूतल्या रक्ताचं हे रस्त्यावर कुणालाच कळत नाही.

कुठं न्यायचं

शहरात किंवा शहराजवळ असाल तर सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, टाऊन हॉलजवळ. मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, अपघात विभाग रात्रंदिवस चालू असतो, आणि पोलिस चौकी आवारातच आहे. तिथं गर्दी असते हे खरंय, पण गंभीर पेशंटला आधी घेतात आणि रात्री तीनला सुद्धा डॉक्टर असतात. लांब असाल तर जवळचं सरकारी रुग्णालय आधी गाठा, गडहिंग्लजला आणि कोडोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, इचलकरंजीला आयजीएम, मलकापूर, राधानगरी, गगनबावडा इथं ग्रामीण रुग्णालयं. तिथं सगळ्या सोयी नसतील, पण श्वास, रक्तस्राव, सलाईन एवढं सांभाळून पुढं पाठवतात. श्वास घ्यायला त्रास होत असलेल्या माणसाला तास दीड तास तसाच गाडीत घालून थेट कोल्हापूरला आणण्यापेक्षा ते कितीतरी बरं. १०८ आली असेल तर आतल्या डॉक्टरला ठरवू द्या.

खाजगी दवाखान्यात जाणार असाल तर आधी कुणालातरी फोन करायला लावा आणि तीनच गोष्टी विचारा. आत्ता सीटी स्कॅन होतो का, सर्जन आत्ता आहेत का, आयसीयूत बेड आहे का. दारात जाऊन 'इथं होत नाही, दुसरीकडं न्या' ऐकण्यात वेळ जातो. हाड मोडलंय असं वाटून लोक सरळ हाडाच्या डॉक्टरकडं जातात, पण डोकं किंवा पोट आपटलं असेल तर आधी ते तपासायला पायजे, पाय तासभर थांबू शकतो.

पोलिस केस आहे म्हणून आधी पोलिसांचा कागद आणा असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. आधी उपचार, मग कागद, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच सांगितलंय, सरकारी आणि खाजगी दोन्ही डॉक्टरांना. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये पण डॉक्टरनं थांबायचं नाही असंच आहे. भांडू नका, शांतपणे एवढं सांगा.

वस्तादांकडं जाऊन चोळून घेण्याबद्दल

हे कोल्हापुरात लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्या घरात तालमीचा वारसा आहे, आजोबा लंगोट बांधणारे, मुरगळलेला पाय, उतरलेला सांधा हे वस्तादांकडं जाऊन बसवून घेतलेलं मी लहानपणापासून बघितलंय, आणि आखाड्यात पडण्याबद्दल त्यांचा हात जाणता असतो यात मला शंका नाही. पण गाडीची धडक ही आखाड्यातली पडझड नव्हे. साठ सत्तरच्या वेगानं आलेलं अंग एका क्षणात थांबतं आणि आतले अवयव पुढं आपटतात, ते बाहेरनं हात लावून कुणालाच कळत नाही. मोडलेली बरगडी चोळली तर फुफ्फुसात घुसू शकते, मानेला झटका देऊन 'मोकळी' केली तर मणक्यातल्या शिरेला इजा होते. आधी एक्स-रे, आधी डॉक्टर. ते हो म्हणाले तर मग तेल लावा, शेकून घ्या, काही हरकत नाही.

तसंच घरातली पेनकिलर खाऊन झोपणं. डिस्प्रिन, ॲस्पिरिन असलं काही तर अजिबात नको, त्यानं रक्त लवकर गोठत नाही. आणि दुखणं दाबलं की डॉक्टरलाही नेमकं कळायला वेळ लागतो.

डॉक्टरला काय सांगायचं

कॅज्युअल्टीत गेल्यावर 'ॲक्सिडेंट झाला' एवढ्यावर थांबू नका. कुठल्या सीटवर होतात, बेल्ट होता का, एअरबॅग उघडली का, धडक समोरनं की बाजूनं, अंदाजे वेग, गाडी उलटली का. मध्ये क्षणभर तरी शुद्ध गेली होती का, आणि जे घडलं त्यातलं काही आठवत नाही असं आहे का, हे लाजून लपवू नका, डोक्याच्या स्कॅनचा निर्णय पुष्कळदा यावरच होतो. शुगर, बीपी, कुठल्या औषधाची ॲलर्जी, शेवटचं कधी खाल्लं. दारू घेतली असेल तर खरं सांगा. आणि हार्टचा पेशंट असेल, स्टेंट असेल, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगायचं, कारण अशा माणसाच्या डोक्याला किरकोळ लागलं तरी आत रक्तस्राव व्हायचा धोका जास्त.

सगळे कपडे काढून नीट तपासू द्या. दाजींचा वळ शर्टाखाली होता, त्यांनी तो स्वतःही बघितला नव्हता. पोटावर किंवा छातीवर बेल्टचा वळ असेल तर स्वतःहून दाखवा. पोटाची सोनोग्राफी पाच दहा मिनिटांत होते. पहिली नॉर्मल आली आणि तरी डॉक्टर म्हणाले काही तास थांबा, तर थांबा, हळू होणारा रक्तस्राव दुसऱ्यांदा बघितल्यावर दिसतो. जखम उघडी असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या.

गरोदर बाई गाडीत असेल तर धडक कितीही हलकी असो, तिला काही दुखत नसो, थेट स्त्रीरोग डॉक्टर असलेल्या ठिकाणी न्या. धडकेनं वार (प्लॅसेंटा) आतल्या आत सुटू शकते, बाहेरनं रक्त दिसेलच असं नाही, म्हणून बाळाचे ठोके काही तास बघत ठेवतात. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत एक इंजेक्शन द्यावं लागतं, तर फाईल किंवा निदान रक्तगटाचा कागद सोबत न्या. लहान पोरं सांगू शकत नाहीत, ती एकसारखी किरकिर करतात, दूध पीत नाहीत, परत परत उलटी करतात, भलत्या वेळी पेंगतात, तान्ह्याची टाळू फुगलेली दिसते, एवढं झालं तरी पुरे. आणि म्हातारी माणसं, त्यांच्या डोक्यात रक्त इतकं हळू साठतं की दोन तीन आठवड्यांनी बोलण्यात फरक पडतो, चालताना झोक जातो, आणि आपण म्हणतो वय झालं. महिन्यापूर्वी गाडीत डोकं आपटलं होतं हे तेव्हा आठवायला पायजे.

घरी सोडल्यावर

पहिले दोन तीन दिवस एकटं राहू नका, गाडी चालवू नका. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर पेशंटला झोपू द्या, पण रात्री मध्ये हाक मारून बघा, नाव विचारा, नीट जागा होतोय का. डोकेदुखी वाढत चालली, एकापेक्षा जास्त उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, नाकातनं किंवा कानातनं पाण्यासारखं किंवा रक्त आलं, फिट आली, हातापायाला मुंग्या किंवा ताकद गेली, पोट कडक झालं, दम लागला, लघवीत रक्त दिसलं, चक्कर येऊन घाम सुटला, खांदा विनाकारण दुखायला लागला, तर सकाळची वाट बघू नका, उद्या ओपीडीत दाखवू असं म्हणू नका, त्याच वेळी परत न्या. पहिला स्कॅन नॉर्मल होता हे कारण सांगून थांबू नका.

कागद आणि पैसे

अपघाताचा पेशंट म्हटल्यावर दवाखाना एमएलसी करतो, म्हणजे पोलिसांना कळवतो. पुष्कळ जण 'नको ती भानगड' म्हणून घरात जिन्यावरनं पडलो असं सांगतात. असं करू नका. एक तर डॉक्टर मग जिन्याच्या हिशोबानं तपासतो, आणि नंतर क्लेमच्या वेळी तुमच्याच कागदावर तुमचंच खोटं लिहिलेलं असतं. उशिरा गेलात तरी इन्शुरन्सवाले विचारतात, एवढं लागलं होतं तर चार दिवस कुठं होता. पहिल्या दिवसाचा केसपेपर, एक्स-रेच्या फिल्म, बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड सगळं एका पिशवीत ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढा.

पैशासाठी थांबू नका. केंद्र सरकारची कॅशलेस योजना मे २०२५ पासून लागू आहे, रस्ता अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार. भरती करतानाच काउंटरला विचारा, हे रुग्णालय त्या यादीत आहे का. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार घरनं कुणालातरी घेऊन यायला सांगा. ठोकून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही तर गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख भरपाई आहे, त्यासाठी पोलिसांत नोंद लागते. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायचा असेल तर कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, वकिलाला लवकर भेटा.

आणि तुम्ही स्वतः जखमी नसून रस्त्यात दुसऱ्याला पडलेलं बघितलं असेल तर, घाबरू नका. कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, दवाखाना तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही की पैसे भरायला लावू शकत नाही. पोहोचवा आणि जायचं असेल तर जा. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोहोचवलं तर राहवीर योजनेत २५,००० रुपयांचं बक्षीस पण आहे, पण कोल्हापूरचा माणूस त्यासाठी थांबत नाही हे २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपण बघितलंय.

दाजी आता बरे आहेत. तीन महिने वजन उचलायचं नाही, मोटरसायकलवर खड्ड्यातनं जायचं नाही असं सांगितलेलं, ते त्यांनी पाळलं. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ताईनं एक कार्ड ठेवलंय, दोघांचा रक्तगट, चालू गोळ्या, घरचे दोन नंबर आणि वरती मोठ्या अक्षरात १०८. तसंच एक माझ्या गाडीत आहे, आज घरी गेल्यावर तुमच्या गाडीत पण ठेवा.